एकच जंतू नाकात गप्प आणि रक्तात घातक: त्याला कळतं तरी कसं?

आरसपानी:
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्याच्या आठवडाभर आधी नर्सने कापसाची काडी माझ्या दोन्ही नाकपुड्यांत फिरवून नमुना घेतला. ऑपरेशन गुडघ्याचं आणि तपासणी नाकाची, मला काही उमगेना. रिपोर्ट आला, 'स्टॅफिलोकोकस ऑरियस आढळला'. घरी येऊन या नावाबद्दल वाचलं आणि पोटात गोळाच आला. गळवं, हाडात पू, न्यूमोनिया, रक्तात पसरलेला संसर्ग, सगळं याच्याच नावावर! सर्जन मात्र शांत होते. म्हणाले, "दहातल्या तिघांच्या नाकात हा असतोच. पाच दिवस नाकात हे मलम लावा, मग ऑपरेशन करू." तसंच झालं, आणि गुडघा आता छान वाकतो.

पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. विष बनवायची जनुकं या जंतूकडे आहेत. ती नाकात असतानाही आहेत आणि रक्तात गेल्यावरही तीच आहेत. मग नाकात तो वर्षानुवर्षं गप्प कसा बसतो? आणि रक्तात गेल्यावर 'आता कामाला लागा' हे त्याला कोण सांगतं? ना डोळे, ना मेंदू, एक पेशी, संपलं. आपण नक्की कुठे आहोत हे त्याला कळतं कसं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा, मला घाई नाही.

वेलांटी:
काय सुंदर प्रश्न आहे! वाचनखूण साठवली. प्रतिसादांची वाट बघते.

सूक्ष्मदर्शी:
आरसपानी, तुमचा प्रश्न हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा लांबण लावते. मी कॉलऱ्याच्या जंतूवर काम करते, तेव्हा उदाहरण त्याचंच देते. तुमच्या नाकातल्याबद्दल दुसरं कुणी लिहीलच.

प्रयोगशाळेत नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात एक धक्का बसतो. सातव्या जागतिक साथीचा, म्हणजे १९६१ पासून पसरलेला 'एल टॉर' प्रकारचा कॉलऱ्याचा जंतू साध्या माध्यमात ३७ अंशांवर हलवत ठेवला, तर सकाळपर्यंत भरघोस वाढतो, नळी अगदी गढूळ होते. पण त्यात विष मोजायला जावं तर जवळपास काहीच सापडत नाही. साऱ्या जगाला धास्ती घालणारा जंतू आणि विषाचा पत्ता नाही!

विष हवं असेल तर त्याची खास बडदास्त ठेवावी लागते. माध्यमात सोडियम बायकार्बोनेट घालायचं. नळीत बऱ्यापैकी उंचीपर्यंत भरायचं आणि चार तास तिला हात लावायचा नाही, म्हणजे आतल्या जंतूंना हवा कमी पडते. चार तासांनी तीच वाढ रुंद फ्लास्कमध्ये ओतायची आणि रात्रभर जोरात हलवत ठेवायची. सकाळी विष भरपूर. जंतू तोच, जनुकं तीच, फरक फक्त आम्ही त्याला कसं ठेवलं याचा.

आता बायकार्बोनेटच का? आपल्या लहान आतड्याचं अस्तर बायकार्बोनेट सोडत असतं. जंतूमध्ये टॉक्सटी नावाचं एक प्रथिन असतं. ते डीएनएला चिकटलं की विषाचं जनुक आणि आतड्याला धरून ठेवणाऱ्या केसाळ तंतूंची जनुकं चालू होतात. बायकार्बोनेटने टॉक्सटी जोमाने काम करतं. उलट पित्तातली काही स्निग्धाम्लं टॉक्सटीच्या पोटातल्या एका खोबणीत जाऊन बसतात आणि ते ढिम्म होतं. म्हणजे बघा, आतड्याच्या पोकळीत पित्त भरपूर, तिथे जंतू गप्प. चिकट थर पार करून अस्तराजवळ आला की पित्त विरळ, बायकार्बोनेट जास्त, आणि विष सुरू. 'मी कुठे आहे' या प्रश्नाचं उत्तर त्याला दोन रसायनांच्या प्रमाणातून मिळतं.

टॉक्सटीच्याही वर एक अधिकारी आहे, टॉक्सआर. १९८४ मध्ये व्हर्जिनिया मिलर आणि जॉन मेकॅलॅनोस यांनी तो शोधला. हे प्रथिन पेशीच्या आतल्या पटलात आरपार रुतलेलं असतं. एक टोक पटलाबाहेर, दुसरं आत थेट डीएनएवर. दारात उभं राहून एक हात अंगणात आणि एक हात घरात, तसं.

तारायंत्र:
सूक्ष्मदर्शीताई, मी आयुष्यभर विजेच्या पॅनेलांवर काम केलं, त्यामुळे हे वाचताना फार ओळखीचं वाटलं. तुमच्याकडे दोन अटी एकत्र जुळल्या तरच मोटर सुरू होते. आमच्याकडे याला इंटरलॉक म्हणतात. एकाच संवेदकावर भरवसा ठेवला तर यंत्र भलत्या वेळी सुरू होतं, म्हणून दोन-तीन अटी साखळीत घालतात.

पण मूळ शंका राहतेच. सतत चालूच का ठेवत नाहीत? विष तयारच असेल तर शरीरात शिरल्याबरोबर कामाला.

सूक्ष्मदर्शी:
काका, विष फुकट तयार होत नाही. अमिनो आम्लं, ऊर्जा, बाहेर टाकायची यंत्रणा, सगळ्याचा खर्च आहे. कॉलऱ्याचा जंतू बराच काळ खाडीच्या, समुद्राच्या पाण्यात सूक्ष्म कवचधारी प्राण्यांना चिकटून जगतो. तिथे आतड्याला पाझर फोडणाऱ्या विषाचा काडीचा उपयोग नाही. विष बनवत बसलेला जंतू सावकाश वाढेल, न बनवणारा शेजारी पुढे निघून जाईल. हे असं हजारो पिढ्या चाललं की 'गरज नसताना बंद' हाच गुण टिकतो.

रानपाखरू:
मी सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करतेय. लिस्टेरियाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण ते शिकले त्या दिवशी मला रात्री झोप आली नव्हती.

लिस्टेरिया मातीत, सडक्या पाल्यात राहतो, फ्रिजमध्येसुद्धा वाढतो. शरीरात गेला तर मात्र आपल्या पेशींच्या आत शिरतो. गर्भवती स्त्रियांना आणि गर्भाला त्याचा फार धोका. त्याच्या रोगकारक जनुकांचा मुख्य चालक पीआरएफए नावाचं प्रथिन. आता गंमत बघा. पीआरएफएच्या जनुकावरून आरएनएची प्रत, म्हणजे प्रथिन बनवायचा निरोप, थंडीतही निघते, पण तिच्यापासून प्रथिन बनत नाही. कारण त्या आरएनएचा सुरुवातीचा भाग स्वतःवरच दुमडून केसांच्या आकड्यासारखा होतो. रायबोसोमने (निरोप वाचून प्रथिन बनवणाऱ्या यंत्राने) जिथे बसायचं ती जागा त्या आकड्यात बंद. ३० अंशांखाली आकडा घट्ट. ३७ अंशांवर त्याची वीण उसवते, जागा मोकळी होते, रायबोसोम बसतो आणि प्रथिन तयार. वेगळा संवेदक नाही, मध्यस्थ प्रथिन नाही. निरोप हाच तापमापक!

२००२ मध्ये पाश्चर संस्थेतल्या पास्कल कोसार यांच्या गटाने हे दाखवलं. मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे, त्यांनी तो आरएनएचा तुकडा कापून हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकापुढे जोडला आणि ई. कोलायमध्ये घातला. लिस्टेरियाशी काही नातं नसलेला जंतू, तरी थंड ठेवला की अंधार आणि उबेत ठेवला की चमक. म्हणजे तापमान ओळखायची अक्कल सगळी त्या तुकड्याच्या घडीत आहे.

तारायंत्र:
वा, पोरी! आमच्या थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची पट्टी तापली की वाकते आणि संपर्क जुळतो. इथे तापलं की घडी उलगडते. तत्त्व तेच.

शंकेखोर:
एक शंका. फक्त ३७ अंश हीच खूण असेल तर उन्हात तापलेल्या डबक्यातही हा कामाला लागेल की.

रानपाखरू:
बरोबर पकडलंत, म्हणून पुढची अट आहे. पीआरएफए तयार झालं तरी पूर्ण कामाला लागत नाही. आपल्या पेशींच्या आत ग्लुटाथायोन नावाचा रेणू मुबलक असतो. तिथल्या वातावरणात तो पीआरएफएला चिकटला की पीआरएफए खऱ्या अर्थाने जागं होतं. आणि उलट बाजूने, वनस्पतींच्या कुजण्यातून मिळणारी सेलोबायोज नावाची साखर भोवती असेल तर पीआरएफए दबलेलं राहतं. ऊब + पेशीच्या आतलं रसायन + पाल्याची साखर नाही = शरीरात आहे. तारायंत्रकाकांचं इंटरलॉक!

शिगेलाची (रक्ती हगवणीचा जंतू) तऱ्हा आणखी वेगळी. तिथे एच-एनएस नावाचं प्रथिन रोगकारक जनुकांवर चिखलासारखं बसलेलं असतं. थंड असताना त्या जागी डीएनएला बाक असतो, म्हणून ते दोन ठिकाणी घट्ट धरतं. ३२ अंशांच्या आसपास बाक सरळ होतो, पकड सुटते.

निवांतक्षण:
डॉक्टर म्हणून माझी भर. तापमान, पित्त हे झालंच, पण सगळ्यात जुनी माहीत असलेली खूण म्हणजे लोह.

आपल्या शरीरात लोह भरपूर असलं तरी मोकळं जवळजवळ नसतंच. रक्तात ट्रान्सफेरिन, अश्रू-लाळेत लॅक्टोफेरिन, ही प्रथिनं लोहाला असं कवटाळून बसतात की जंतूला कणभर मिळू नये. ही आपली फार जुनी संरक्षणाची रीत. पण जंतूंनी त्या टंचाईलाच खूण बनवलं. लोह संपलं, याचा अर्थ आपण कुणाच्या तरी शरीरात आहोत.

घटसर्पाचा जंतू हे शाळेत शिकवावं असं उदाहरण. १९३६ मध्ये पॅपेनहायमर यांनी दाखवलं की माध्यमात लोह वाढवलं की घटसर्पाचं विष बनणं थांबतं. कारण पुढे कळलं. डीटीएक्सआर नावाचं प्रथिन लोह हाती असेल तेव्हाच डीएनएवर बसतं आणि विषाचं जनुक दाबून धरतं. लोह गेलं की त्याची पकड जाते आणि विष वाहू लागतं.

आता याची दुसरी बाजू सांगतो, जी मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. २००९ मध्ये शिकागोत प्लेगच्या जंतूवर काम करणारा एक संशोधक दगावला. तो ज्या जंतूवर काम करत होता तो मुद्दाम दुबळा केलेला होता. शरीरातून लोह ओरबाडायची त्याची यंत्रणाच काढून टाकलेली, म्हणून तो निर्धोक समजला जाई. शवविच्छेदनानंतर कळलं की त्या संशोधकाला हिमोक्रोमॅटोसिस होता, म्हणजे शरीरात लोह साठत जाण्याचा आनुवंशिक विकार, आणि त्याला स्वतःला ते माहीत नव्हतं. जंतूला जे ओरबाडता येत नव्हतं ते तिथे आयतं मिळालं असावं. रोगकारकता नुसती जंतूत नसते, ती जंतू आणि शरीर यांच्या मधे असते, हे मला या घटनेने पक्कं शिकवलं.

वेलांटी:
अंगावर काटा आला, डॉक्टर.

शंकेखोर:
सगळे प्रतिसाद आवडले, पण भाषेबद्दल माझा आक्षेप नोंदवतो. 'जंतूला कळतं', 'खूण ओळखतो', 'अक्कल'. अहो, कुणालाही काही कळत नाहीये. घडी उलगडते, प्रथिन सुटतं, बस. या भाषेमुळे लोकांना वाटतं की जंतू आत दबा धरून बसलाय, डाव आखतोय. आरसपानी यांचा मूळ प्रश्नही त्यातूनच आलाय. 'कोण सांगतं' असं विचारलं की सांगणारा शोधावा लागतो.

वेलांटी:
शंकेखोर, मी भाषा शिकवते, म्हणून या आक्षेपाचं उत्तर देते. आपण 'पाऊस यायला बघतोय' म्हणतो, 'दूध उतू जायला बघतंय' म्हणतो. कुणालाही दुधाला डोळे फुटलेत असं वाटत नाही. मराठीची ती सहज रीत आहे. रानपाखरूने 'अक्कल त्या तुकड्याच्या घडीत आहे' असं लिहिलं तेव्हाच मला आरएनए समजलं. 'संरचनात्मक बदलाद्वारे स्थानांतरणाचे नियमन' असं लिहिलं असतं तर मी धागा बंद करून गेले असते.

शंकेखोर:
दुधाचं मान्य! तरी एक उदाहरण देतो, जिथे 'कळतं' म्हटलं की खरंच चूक होते.

साल्मोनेला आतड्यात पोचला की तिथल्या सगळ्या पेशींना सारखंच वातावरण मिळतं. तरी आत घुसायची सुई बनवणारं यंत्र त्यातल्या काही पेशींमध्येच चालू होतं, बाकीच्यांत बंद. जनुकं हुबेहूब सारखी, परिस्थिती सारखी, तरी दोन गट. नियंत्रण करणारी प्रथिनं मोजकी असतात, त्यांची संख्या योगायोगाने कमीजास्त होते, आणि साखळी अशी जोडलेली असते की एका टोकाला गेली की तिथेच अडकते. २००८ मध्ये 'नेचर'मध्ये यावर एक महत्त्वाचं काम आलं. घुसणाऱ्या पेशी आतड्याच्या अस्तरात शिरून दाह भडकवतात आणि त्यातल्या बहुतेक मरतात. त्या दाहामुळे आतड्यातले इतर रहिवासी जंतू हटतात आणि बाहेर थांबलेल्या साल्मोनेलाला रान मोकळं मिळतं. आत कोण जाणार हे कुणी ठरवत नाही. नाणं उडवल्यासारखं आहे. नैसर्गिक निवडीने फक्त नाणं कुठल्या बाजूला किती झुकतं असावं ते ठरवलंय.

सूक्ष्मदर्शी:
शंकेखोर, ही भर फार मोलाची आहे. आम्ही नळीतल्या कोट्यवधी पेशींची सरासरी मोजतो आणि 'चालू झालं' म्हणतो. एकेक पेशी बघायला लागलं की चित्र असं ठिपक्याठिपक्यांचं असतं.

कोवळंऊन:
शास्त्र मला फार कळत नाही, पण एक अनुभव सांगते, कारण मला त्याचं उत्तर कधी नीट मिळालं नाही. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याला रक्ताचे जुलाब झाले. तपासणीत ई. कोलायचा ओ१५७ प्रकार निघाला. मी म्हणत होते, अँटिबायोटिक द्या. डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. सलाइन, रोज रक्त तपासणी, लघवी किती झाली ते मोजायचं, बस. मी त्या डॉक्टरांशी भांडले. डोळ्यांदेखत लेकरू सुकतंय आणि हे औषध देत नाहीत! मुलगा बरा झाला. पण औषध का नाकारलं?

निवांतक्षण:
कोवळंऊन, तुमची तगमग मी समजू शकतो, आणि त्या डॉक्टरांनी योग्यच केलं. ते तुम्हाला नीट समजावून सांगायला हवं होतं, एवढंच.

त्या जंतूचं विष, शिगा टॉक्सिन, हे मुळात जंतूचं स्वतःचं नाहीच. ते एका विषाणूच्या जनुकांमध्ये बसलेलं आहे. जंतूंना लागण करणारा हा विषाणू, त्याला फाज म्हणतात, आपला डीएनए जंतूच्या डीएनएत मिसळून झोपून राहतो. जंतूच्या डीएनएला इजा झाली की जंतू धोक्याची घंटा वाजवतो. ती घंटा ऐकून फाज जागा होतो, भराभर स्वतःच्या प्रती काढतो, त्याबरोबर विषही बनतं, आणि शेवटी जंतू फुटून सगळं बाहेर पडतं. काही अँटिबायोटिकं हीच घंटा वाजवतात. जंतू मरतो, पण मरताना विषाचा लोट सोडून जातो, आणि ते विष मूत्रपिंडावर जातं. म्हणून लघवी मोजत होते.

कोवळंऊन:
इतक्या वर्षांनी कळलं. मनापासून आभार, डॉक्टर. रात्री मुलालाही वाचून दाखवलं. तो आता कॉलेजात आहे.

रानपाखरू:
विषाणूचा विषय निघालाच आहे तर: घटसर्पाचं विषही फाजचंच आहे, १९५१ मध्ये फ्रीमन यांनी दाखवलं. म्हणजे वर डॉक्टरांनी सांगितलेलं आणखी भारी होतं. विषाचं जनुक फाजचं आणि त्याला दाबून धरणारं डीटीएक्सआर जंतूचं! पाहुण्याच्या तिजोरीची किल्ली घरमालकाकडे.

आणि कॉलऱ्याचंही तसंच ना, सूक्ष्मदर्शीताई?

सूक्ष्मदर्शी:
हो, १९९६ मध्ये वॉल्डर आणि मेकॅलॅनोस यांनी दाखवलं. त्यातली खुबी म्हणजे, तो फाज जंतूत शिरताना ज्या तंतूला धरतो तो तोच, जो जंतू आतड्याला धरायला बनवतो. म्हणजे टॉक्सटी चालू झालं की तंतू येतात, आणि तंतू आले की विषाचं जनुक घेऊन येणाऱ्या फाजला दार उघडं.

इथे एक नाव घ्यायलाच हवं. कॉलऱ्यात शरीर शुष्क होतं ते विषामुळे, हे सिद्ध केलं शंभूनाथ डे यांनी, कलकत्त्यात, १९५९ मध्ये. सशाच्या आतड्याचा एक भाग दोऱ्याने बांधून त्यात त्यांनी जंतू गाळून काढलेला द्रव सोडला. जंतू एकही नाही, तरी तो भाग पाण्याने टम्म फुगला. कॉख यांनी कॉलऱ्याचा जंतू १८८४ मध्ये ओळखला होता. त्याचं हत्यार हाती लागायला आणखी पंचाहत्तर वर्षं गेली. आज आम्ही फ्लास्कमध्ये विष मोजतो त्या प्रत्येक प्रयोगाच्या मुळाशी ते आतड्याचं वेटोळं आहे, आणि डे यांचं नाव आपल्या मुलांना माहीत नसावं याचं मला फार वाईट वाटतं.

तारायंत्र:
मलाही माहीत नव्हतं. नातीला आजच सांगतो.

वेलांटी:
मी कुठेतरी वाचलं होतं की जंतू एकमेकांशी बोलतात. ते याच्यातच येतं का?

रानपाखरू:
हो, कोरम सेन्सिंग! मराठीत गणपूर्ती म्हणायला हरकत नाही. प्रत्येक पेशी एक छोटा रेणू बाहेर सोडत राहते. पेशी थोड्या असतील तर तो वाहून जातो. गर्दी झाली की साचतो आणि ठरावीक पातळीला पोचला की सगळ्यांची जनुकं एकदम बदलतात. पहिल्यांदा हे दिसलं ते समुद्रातल्या चमकणाऱ्या जंतूंमध्ये, १९७० मध्ये. गर्दी झाल्याशिवाय ते चमकत नाहीत.

तारायंत्र:
गणपूर्ती झाल्याशिवाय सभा सुरू नाही, म्हणजे आपल्यापेक्षा शिस्तीचे!

सूक्ष्मदर्शी:
रोगजंतूंच्या बाबतीत सगळे असंच समजतात: गर्दी झाली की हल्ला. पण कॉलऱ्यात बरोबर उलटं आहे. थोडे असताना विष आणि तंतू चालू. गर्दी झाली की हॅपआर नावाचं प्रथिन वर येतं, ते विष बंद करतं आणि अस्तरापासून सुटायला मदत करणारं विकर चालू करतं. या जंतूला शरीरात ठाण मांडायचं नसतं. वाढायचं आणि पाण्याच्या लोटाबरोबर बाहेर पडायचं. जास्त आजारी रुग्णाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकतं, त्यातून तो पुढच्या माणसाकडे. त्यामुळे गर्दी ही त्याच्यासाठी निघायची वेळ.

शंकेखोर:
मग ही बटणं एवढी माहीत झाली आहेत तर ती बंद करणारी औषधं का नाहीत? जंतू मारायचाच नाही, निःशस्त्र करायचा. मारत नाही म्हटल्यावर प्रतिकारही तयार व्हायचा नाही.

सूक्ष्मदर्शी:
यावर माझ्या आयुष्याची बरीच वर्षं गेली, म्हणून स्पष्ट लिहिते. कल्पना खरी आहे, 'प्रतिकार व्हायचाच नाही' हे मात्र खरं नाही. २००५ मध्ये व्हर्स्टॅटिन नावाचा रेणू सापडला. तो टॉक्सटीला रोखतो, आणि उंदरांच्या पिल्लांच्या आतड्यात कॉलऱ्याचा जंतू त्यामुळे रुजू शकला नाही. केवढा आनंद! पण त्याच कामात टॉक्सटीचं असं रूपही मिळालं की एक अमिनो आम्ल बदललं आणि व्हर्स्टॅटिनचा परिणाम संपला. शरीरात टिकण्यासाठी जे बटण लागतं ते बंद केलं, तर ते न ऐकणाऱ्यालाच फायदा होणार. शिवाय वेळेचा प्रश्न. रुग्ण येतो तेव्हा विष कधीच आतड्याला लागलेलं असतं. तिथे मीठ-साखर-पाणीच जीव वाचवतं.

निवांतक्षण:
सहमत, पण मी इतका निराश नाही. बटण नाही तर थेट विषच निकामी करायचं, हे आपण फार पूर्वीपासून करतो आहोत. घटसर्पाच्या प्रतिविषाबद्दल बेरिंग यांना १९०१ चं वैद्यकाचं पहिलं नोबेल मिळालं. आणि घटसर्पाची, धनुर्वाताची लस म्हणजे निकामी केलेलं विषच. जंतूला हात न लावता आजार थांबवणारी औषधं रोज वापरात आहेत.

सूक्ष्मदर्शी:
हे मान्य, डॉक्टर. मी फक्त बटणांबद्दल बोलत होते.

आरसपानी:
चार दिवस मी फक्त वाचतेय, कितीतरी शिकले. शंकेखोर, तुमचा 'सांगणारा शोधावा लागतो' हा मुद्दा पटला. पण माझं नाक अजून तसंच राहिलंय! स्टॅफचं काय?

रानपाखरू:
नाकाकडे वळते. स्टॅफिलोकोकस ऑरियसमध्येही गणपूर्तीच आहे, तिला एजीआर म्हणतात. सात ते नऊ अमिनो आम्लांचा, अंगठीसारखं वेटोळं असलेला एक छोटा रेणू तो बाहेर सोडतो. तो साचला की पटलावरचं प्रथिन आत निरोप देतं आणि शेवटी आरएनए-३ नावाचा ५१४ अक्षरांचा आरएनए भरपूर बनतो. तो दोन कामं एकदम करतो: पृष्ठभागावरची चिकटायची प्रथिनं कमी, बाहेर सोडायची विषं जास्त. चिकटून राहा किंवा पसरत सुटा, एका वेळी एकच.

नाकात पेशी विरळ असतात, शेंबडाने तो रेणू वाहून जातो. माणसांच्या नाकातून थेट नमुने घेऊन पाहिलं तेव्हा एजीआर शांत आणि चिकटायची जनुकं चालू, असंच दिसलं. उलट, आपल्या पांढऱ्या पेशीने एखादा स्टॅफ गिळला तर त्या इवल्याशा पिशवीत त्याचाच रेणू साचतो. एकटा असूनही गर्दी झाल्यासारखी पातळी चढते, आणि विषं सुटतात. शत्रूच्या पोटात गेल्याची खूण!

निवांतक्षण:
छान लिहिलंस. फक्त एवढ्यावरून 'नाकात बंद, रक्तात चालू' असा सरळ हिशेब करू नका. रक्तात सापडलेल्या स्टॅफपैकी काहींचं एजीआर चक्क मोडलेलं असतं, आणि तरी ते रुग्णाला घायकुतीला आणतात. आरसपानी, तुमच्या बाबतीत मुख्य फरक जनुकांचा नव्हता, कातडीचा होता. नाकातला स्टॅफ त्वचेवर, हातांवर येत-जात असतो. अखंड कातडीखाली त्याला वाट नाही. गुडघ्याला चीर पडली आणि आत धातूचा सांधा बसला की वाट मिळते, आणि बसायला पृष्ठभागही. २००१ मधल्या एका अभ्यासात रक्तात सापडलेला स्टॅफ आणि त्याच रुग्णाच्या नाकातला स्टॅफ दहापैकी आठ जणांत एकच निघाला होता. म्हणून गुडघ्यासाठी नाक तपासलं.

आरसपानी:
आता तो रिपोर्ट घेऊन घाबरत बसलेली मी आठवते. शेवटचा प्रश्न: मलमाने तो गेला का कायमचा?

निवांतक्षण:
बहुधा नाही. काही महिन्यांत बऱ्याच जणांच्या नाकात तो परत येतो, कधी घरातल्या माणसाकडून, कधी स्वतःच्याच घशातून किंवा त्वचेवरून. चीर भरून येईपर्यंत तो कमी असावा, एवढ्यासाठीच ते पाच दिवस होते. टाके कधी निघाले?

आरसपानी:
पंधरा दिवस झाले. व्रण कोरडा आहे, लाली नाही.

निवांतक्षण:
मग झालं. आता जिने चढा.